तळ्यात मशीन उतरवण्याआधी आमचं ऐका: सरपंच, पंच आणि खात्याच्या साहेबांना खुलं पत्र

मा. सरपंच, सगळे पंच, आणि तळ्याची फाईल ज्यांच्या टेबलावरून जाते ते इंजिनियर साहेब,

सप्रेम नमस्कार.

गावाचं आणि तळ्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तुम्हाला माहीत आहे, गावातल्यांना माहीत आहे, आणि बाहेरच्या कोणी वाचलं तर त्यांना ही आपल्याच तळ्याची गोष्ट वाटेल, कारण आपल्या गोव्यात डिचोलीपासून तिसवाडीपर्यंत आणि तिकडे सासष्टीतही थोड्याफार फरकाने हेच चाललंय. शिवाय नाव घातलं की तळं राहतं बाजूला आणि कोण कुठल्या पार्टीचा यावरच गप्पा सुरू होतात.

मागच्या ग्रामसभेत सांगितलं गेलं की यंदाही पावसाआधी जलपर्णी काढायला मशीन येणार, टेंडर झालंय. आणि आम्ही जो अर्ज दिला होता, की हे काम हाताने करू द्या, गावातल्याच माणसांना रोज देऊन वर्षभर करून घ्या, तो ‘प्रॅक्टिकल नाही’ म्हणून बाजूला ठेवला. एक पंचबाब तर हसत हसत म्हणाले की चंद्रावर यान गेलं आणि तुम्ही अजून टोपल्या घेऊन तळ्यात उतरताय. टाळ्या पण पडल्या. माईक आमच्यापर्यंत येईतो सभा आटोपली, त्यामुळे जे तिथं बोलायचं होतं ते इथं लिहितोय, तुम्हालाच उद्देशून, पण सगळ्यांनी वाचावं म्हणून उघड्यावर.

माझा यात काय संबंध ते आधी सांगतो. बांधाखाली आमची कुळाची शेतं आहेत. सरद, म्हणजे पावसाळी भात, पावसावर होतं, त्याची चिंता नाही, पण वायंगण, म्हणजे पावसानंतरचं भात, पूर्णपणे तळ्याच्या पाण्यावर. मानशीची, म्हणजे तळ्याचं पाणी सोडायच्या दाराची, फळी वर केली की पाणी पाटात, पाटातून शेतात, इतकं साधं गणित होतं. आता मानशीच्या तोंडाला हा हिरवा थर येऊन बसतो आणि पाट तुंबतो. शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचत नाही म्हणून फळी जास्त उघडली तर तोच पाला वाहत येऊन लावणीच्या भातात पसरतो, मग घोटाभर चिखलात वाकून तो वेचत बसायचं. शेजारच्या काही घरांनी कंटाळून वायंगण सोडलं, ती शेतं पडीक आहेत, आणि पडीक शेत दिसलं की प्लॉटवाले कसे फिरायला लागतात हे गोव्यात कोणाला सांगायला नको. मे महिन्यात पाणी उतरलं की गोड्या पाण्याचं नुस्तं, म्हणजे मासळी, मिळायचं, तेही आता नावापुरतं, जाळं टाकलं तर आधी पालाच वर येतो. आणि चतुर्थीला दीड दिवसाचे गणपती पोचवायला जातो तेव्हा पोरं बांबूने पाला ढकलून पाण्यात जागा करतात, मूर्ती खाली जायच्या आत तो परत येऊन मिळतो. देवाला निरोप देताना हे बघायला बरं वाटत नाही, एवढंच म्हणतो.

आता मुद्दे.

सगळ्यात आधी, ती वनस्पती कुठली ते तरी बघा. टेंडरात फक्त जलपर्णी असं लिहिलंय. आपल्या तळ्यात जांभळ्या फुलांची जलपर्णी आहे, पण ती व्हाळ, म्हणजे ओढा, येऊन मिळतो त्या कोपऱ्यात. बाकी तळं जे झाकलं गेलंय ते साल्विनिया आहे. जोडीजोडीने येणारी लहान पानं, दाटी झाली की दुमडून उभी राहतात, पानावर बारीक केस, पाणी टाकलं तर ठरतच नाही, घरंगळून जातं. खाली मुळांसारखे तपकिरी झुबके दिसतात पण ती मुळं नाहीत, पाण्यात राहून बदललेलं तिसरं पान आहे ते. मूळची आग्नेय ब्राझीलची, नेच्यांच्या कुळातली. हिला फूल नाही, बी नाही, बीजाणू येतात तेही वांझ. ही वाढते ती फक्त तुटून. देठाचा एवढासा तुकडा, त्यावर एक गाठ, गाठीत एक कोंब असला की झालं, नवीन झाड तयार.

जलपर्णीचं तसं नाही. ती फुलते, बी धरते, आणि ते बी तळाच्या चिखलात पंधरा-वीस वर्षंसुद्धा जिवंत राहू शकतं. म्हणजे वरची सगळी जलपर्णी काढली तरी पाणी उतरून चिखलाला ऊन लागलं की पुन्हा रोपं येणार, तिच्यावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवायला लागतं आणि ती फुलायच्या आत काढायला लागते. साल्विनियाचं चिखलात काहीच शिल्लक राहत नाही. शेवटचा तुकडा वेचला की ती त्या तळ्यातून गेली, जोपर्यंत कोणी परत आणून टाकत नाही तोपर्यंत. आपल्या बाजूने एवढी चांगली गोष्ट असताना आपण नेमकं काय करतो, तर जी वनस्पती तुटूनच वाढते तिच्यात लोखंडी दातांचं बकेट घालतो. तांदळातले खडे कोणी जेसीबीने वेचतं का हो?

(जाता जाता. जगातल्या सगळ्यात त्रासदायक शंभर उपऱ्या जातींची एक यादी आहे, आययूसीएन या निसर्गरक्षणाच्या जागतिक संस्थेशी जोडलेली. गुरांची बुळकांडी जगातून २०११ साली संपली तेव्हा त्या विषाणूचं नाव यादीतून काढलं आणि २०१३ मध्ये रिकाम्या जागेवर साल्विनिया मोलेस्टा घातली. आपल्या तळ्यात नेमकी ती आहे आणि टेंडरात तिचा उल्लेखसुद्धा नाही.)

दुसरं, मशीनने गेल्या खेपेला काय केलं ते. लांब हाताचं पोकलेन बांधावर उभं राहिलं. त्याचा हात पोचतो तिथपर्यंतच तो काढणार, तळ्याच्या मध्यापर्यंत तो पोचत नाही, त्यामुळे काठाचा पट्टा साफ आणि मधला थर तसाच. बकेट आत गेलं की थर फाटतो, थोडा वर येतो, बाकी तुकडे होऊन वाऱ्याने पसरतो. पाला काढताना काठाची साळकां, म्हणजे पाण्यातली कमळासारखी फुलझाडं, कंदासकट उपटली गेली, जी आपली आहेत, जी पूजेला लागतात, ज्यांच्या पानांवरून कमळपक्षी चालतो. बांधाच्या चिऱ्यांवर मशीनची चेन चढून चिरे सरकले, ते अजून तसेच आहेत, आणि त्याच जागी पावसात पाणी झिरपतं हे इंजिनियर साहेबांना आम्ही दाखवलंय. काढलेला ढीग टाकला कुठं, तर बांधाच्या आतल्या उतारावर. जून उजाडला, पहिल्या मोठ्या पावसात अर्धा ढीग परत तळ्यात. याचे फोटो गावच्या ग्रुपवर आहेत, पाहिजे तर छापून देतो.

आता जरा हिशेब करा. ऊन चांगलं असलं, पाणी कोमट असलं आणि सांडपाण्याचं खत मिळत असलं तर साल्विनिया आठ-दहा दिवसांत दुप्पट होते. समजा मशीनने फार चांगलं काम केलं आणि तळ्याचा फक्त बत्तिसावा भाग मागे राहिला. एकदा दुप्पट, सोळावा. मग आठवा, चौथा, अर्धा, पूर्ण. पाच वेळा दुप्पट व्हायला दोन महिने पण लागत नाहीत. म्हणजे शेवटचा राहिलेला थोडासा भाग हेच खरं काम आहे, आणि कॉन्ट्रॅक्टर तिथंच काम संपलं म्हणून मशीन ट्रेलरवर चढवतो. पाणी दिसायला लागलं की फोटो, फोटो झाला की बिल.

बिलावरून आठवलं. पैसे दिले जातात ते काढलेल्या मालावर, ट्रक मोजून. या पाणवनस्पतींच्या वजनात नव्वद टक्क्यांच्या वर पाणी असतं. काठावर चार दिवस उन्हात ठेवून मग ट्रक मोजले तर बिल केवढं होईल ते बघा एकदा. आपण पंचायतीच्या पैशाने तळ्याचं पाणी ट्रकात भरून फिरवतोय. आणि कोणावर आरोप करत नाही, पण जितका पाला जास्त तितकं बिल जास्त, अशी सिस्टिम ठेवली तर पाला संपावा असं नक्की कोणाला वाटणार आहे? पुढच्या वर्षी तळं रिकामं असेल तर टेंडरच निघणार नाही ना.

आता हाताने काढणं म्हणजे काय ते सांगतो, कारण मला वाटतं तुम्हाला ते नुसतं श्रमदान वाटतंय, टी-शर्ट, बॅनर, नाश्त्याला पाव-भाजी आणि दहाला घरी. आम्ही दिवाळीनंतरपासून जुन्या पायऱ्यांजवळचा एक कोपरा असा राखून दाखवलाय, तो आजही उघडा आहे, कोणीही जाऊन बघावं. नुसता पाला ओढून तो तसा राहिलेला नाही, त्याला पद्धत आहे.

पहिल्यांदा मानशीच्या तोंडाला बारीक जाळी, म्हणजे सुटलेले तुकडे खाली पाटात जाणार नाहीत. मग काथ्याची जाड दोरी, तिला बांबूचे तुकडे बांधून ती तरंगती करायची आणि खाली मासळीचं जुनं जाळं गुडघाभर सोडायचं. ही दोरी म्हणजे अर्धं काम. आपल्याकडे हिवाळ्या-उन्हाळ्यात सकाळी वारा डोंगराकडून येतो आणि दुपारनंतर दर्याकडून. दुपारचा वारा सुटला की सगळा थर आपोआप पूर्वेच्या काठाला येऊन लागतो, तेव्हाच मागून दोरी ओढून घ्यायची आणि तो तिथं कोंडायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी वारा फिरला तरी थर आत अडकलेला. म्हणजे तळभर फिरायची गरज नाही, तळं आपल्याकडे चालत येतं.

मग काठाला उभं राहून, कमरेच्या वर पाणी नसेल तिथंच, टोपल्यांनी उचलायचं. ओढायचं नाही, फाडायचं नाही, खालून टोपली घालून उचलायचं. टोपलीतलं पाणी निथळू द्यायचं आणि पाला तिथंच ताडपत्रीवर थोडा वेळ पसरून ठेवायचा, कारण त्यात माशांची बारीक पिल्लं, गोगलगायी, किडे भरपूर असतात, ते वेचून परत पाण्यात सोडायचे. मशीनच्या ट्रकात ते सगळं मरतं, नुस्तं कमी झालं म्हणतात त्याचं एक कारण तेही आहे. त्यानंतर पाला बांधाच्या बाहेरच्या बाजूला, पाणी कधीच चढत नाही अशा जागी वाळवायचा. वाळला की शेणात, सुक्या पाल्यात मिसळून खत होतं. जलपर्णीला फूल धरलेलं असेल तर ती वेगळी ठेवायची, नाहीतर बी खतातून परत फिरायचं.

आणि सगळ्यात कंटाळवाणं काम शेवटी. दोरीच्या आत पाणी मोकळं दिसायला लागलं की होडीतून किंवा काठाने हातजाळी घेऊन एकेक तुकडा वेचायचा. गवताच्या बुंध्यात, साळकांच्या पानांखाली, पायऱ्यांच्या फटीत अडकलेला. सुरुवातीला दर आठवड्याला, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्याने. बायकांचा हात या कामात पुरुषांपेक्षा बरा चालतो हे मी बघितलंय, ज्यांनी आयुष्यभर लावणी आणि निंदणी केली त्यांची नजर तुकडा सोडत नाही. साळक आणि साल्विनिया यातला फरक त्यांना पोस्टर लावून शिकवायला लागत नाही, मशीनवाल्या ऑपरेटरला तो कळायचं कारणच नाही, तो बिचारा केबिनमध्ये वर बसलेला.

यात धोके नाहीत असं मी म्हणत नाही. थराखाली खोली कळत नाही, जळवा असतात, दिवड असतो तो काही करत नाही पण काठाच्या गवतात कांडरासारखा विषारी साप असू शकतो, आणि आपल्याकडे लेप्टोचा ताप आहे, जो घाण पाण्यातून जखमेवाटे अंगात शिरतो. म्हणूनच गमबूट, हातमोजे, लाइफ जॅकेट, अंगावर जखम असेल त्याने उतरायचं नाही, हे सगळं कामाच्या ऑर्डरमध्येच पाहिजे. आज गावच्या पोरांनी आपल्या जबाबदारीवर उतरायचं आणि काही झालं तर तुम्ही म्हणायचं आम्ही सांगितलं नव्हतं, हे चालणार नाही.

माणसं मिळणार नाहीत असं म्हणता. एप्रिल-मे मध्ये, वायंगणाची कापणी आटोपल्यावर, हातात काम नसलेली माणसं गावात आहेत, फक्त त्यांना विचारलेलं नाही. खर्च जास्त होईल असंही म्हणता. ठीक आहे, मशीनच्या बिलाचा आकडा ग्रामसभेत वाचून दाखवा आणि त्यात किती माणसांचे किती रोज बसतात ते तिथंच फळ्यावर मांडूया. मी आत्ता इथं आकडा टाकत नाही कारण मग भांडण आकड्यावर होईल, पण हा हिशेब लोकांसमोर व्हायलाच पाहिजे.

हात सगळीकडे पुरतात असाही माझा दावा नाही. मोठा जलाशय असेल तर माणसं थकतील आणि पाला जिंकेल. त्यासाठी वेगळा उपाय आहे आणि तो आपल्या देशात करून झालेला आहे. साल्विनियावरच जगणारा एक सोंडकिडा असतो, दोन मिलिमीटरच्या आसपास, काळा, कोंब खातो आणि त्याची अळी देठ पोखरते. १९८० च्या दशकात तो ऑस्ट्रेलियाहून आपल्याकडे आणला, बंगळुरूतल्या एका तळ्यात सोडला, तिथं साल्विनिया वर्षभरात बसली, मग केरळात सोडला जिथं कालवे आणि भातशेती हिने भरून गेली होती. अलीकडे मध्य प्रदेशात सारणीच्या सातपुडा जलाशयात जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाने हेच केलं. म्हणजे विचारायला माणसं आहेत, पत्र लिहायला पत्ता आहे. पण किड्याला वेळ लागतो, वर्ष-दीड वर्ष धरा, आणि एकीकडे किडा सोडून दुसरीकडे सगळा पाला उचलला तर किडा उपाशी मरतो, त्यामुळे तेही जाणकाराला विचारून करायला पाहिजे. आपलं तळं लहान आहे, इथं हाताने होतं. ही साल्विनिया वरच्या मोठ्या धरणात गेली तर हाताने होणार नाही, म्हणून घाई.

फवारणीचा विषय तर कृपा करून काढू नका. दबक्या आवाजात कोणीतरी २,४-डी मारूया म्हणालं असं कळलं. ते रुंद पानांची झाडं मारायचं औषध आहे. आपण वायंगण नाही केलं तिथं काय लावतो? अळसांदे, मिरची, तांबडी भाजी, वांगी. सगळी रुंद पानांची, आणि सगळ्यांना पाणी याच पाटाचं. वरून मेलेला पाला तळाला बसून कुजणार, पाण्यातला प्राणवायू ओढून घेणार, उरलंसुरलं नुस्तं उलटं तरंगणार. काठच्या विहिरी कोणाच्या आहेत ते तुम्हाला माहीत आहे.

आता व्हाळाबद्दल, आणि इथं मी थोडा रागाने लिहितोय ते समजून घ्या. जलपर्णी नेमकी व्हाळाच्या तोंडाशीच का दाट, याचं उत्तर शोधायला शास्त्रज्ञ नको. वरच्या बाजूच्या नवीन बिल्डिंगांचं सांडपाणी रात्री व्हाळात सोडतात, वास येतो, साबणाचा फेस येतो, सकाळी गेलं तर दिसतो. नायट्रोजन, फॉस्फरस आयता घरपोच. त्या जलपर्णीच्या मुळांना चिकटून मॅन्सोनिया जातीच्या डासांच्या अळ्या वाढतात, त्या मुळातूनच हवा घेतात, वर येतच नाहीत, म्हणून पाण्यावर तेल टाकून त्यांना काही होत नाही. आम्ही तक्रार केली तर पंचायत म्हणाली हे आरोग्यवाल्यांचं, तिथून सांगितलं हे प्रदूषणवाल्यांचं, आणि तळ्याबद्दल विचारलं तर खातं म्हणतं जमीन कोमुनिदादीची, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेची, कोमुनिदाद म्हणते पाणी खात्याचं, आणि शेवटी सगळे मिळून म्हणतात कुळांनीच बघायला पाहिजे. १९३६ साली बंगालात जलपर्णीसाठी वेगळा कायदा करायला लागला होता आणि त्यात ती काढायची जबाबदारी कोणाची हे लिहून ठेवलं होतं. आपल्याकडे नवीन कायदा नको, तुम्ही सगळे एकदा एका टेबलाला बसलात तरी पुष्कळ.

कुडचड्याच्या नंदा तळ्याला २०२२ मध्ये रामसरचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, गोव्यातलं पहिलं, तेव्हा आपल्या पंचायतीनेही अभिनंदनाचा फलक लावला होता. चांगलं केलं. त्या फलकाच्या मागे आपलं तळं आहे, अडई आणि वारकरी ही पाणपाखरं तिथंही उतरायची, आता उतरायला पाणी दिसलं पाहिजे ना त्यांना.

तर आमच्या मागण्या, सरळ लिहितो.

मशीनची वर्क ऑर्डर काम सुरू व्हायच्या आत थांबवा. रद्द करता येत नसेल तर मशीन फक्त काठावर जमवलेला पाला उचलून ट्रकात घालायला वापरा, बकेट पाण्यात जाता कामा नये, आणि बांधावर तर नकोच.

तळ्यात कुठं कुठली वनस्पती आहे याचा साधा नकाशा करा. जैवविविधता समिती कायद्याने प्रत्येक पंचायतीत असते, आपलीही आहे, कागदावर. तिला हे काम द्या, कॉलेजची वनस्पतीशास्त्राची मुलं बोलवा, दोन दिवसांचं काम आहे. साळकां आणि आपलं गवत कुठं राखायचं तेही त्यातच ठरेल.

हाताने काढायचं काम गावातल्या माणसांना रोजाने द्या, मोठी खेप एप्रिल-मे मध्ये पाणी उतरल्यावर, आणि नंतर वर्षभर राखण. पावसात पाणकोंबड्या, कमळपक्षी घरटी करतात आणि पाणीही धोक्याचं, तेव्हा कोणी उतरायचं नाही, फक्त मानशीची जाळी साफ ठेवायची. थंडीत पाहुणे पक्षी असतात, तेव्हा एका वेळी एकाच बाजूला काम.

पैसे ट्रकवर देऊ नका. महिन्याच्या शेवटी पंच, कुळांचा एक माणूस आणि खात्याचा एक माणूस तळ्याभोवती फिरेल, पाणी उघडं किती आहे बघेल, त्यावर पैसे. पाला परत आला तर त्या महिन्याचे पैसे कमी.

काढलेला पाला टाकायची जागा बांधाबाहेर ठरवून द्या. हातमोजे, गमबूट, लाइफ जॅकेट आणि कामगारांचा विमा पंचायतीने करावा.

व्हाळात पाईप कोणाचे येतात याची संयुक्त पाहणी करून ती ग्रामसभेत वाचा, नावं घ्यायला आम्हाला हौस नाही पण पाईप बंद झालेले दिसले पाहिजेत. हे झालं नाही तर हाताने काढा नाहीतर मशीनने काढा, जलपर्णीचा कोपरा कायम भरलेलाच राहणार.

जबलपूरला पत्र पाठवून मोठ्या जलाशयांसाठी काय करता येईल ते विचारा. उत्तर आलं की बोर्डावर लावा.

आणि सरकलेले चिरे पावसाआधी बसवा. ते मशीनच्या कॉन्ट्रॅक्टरकडून वसूल करायचे की काय तो तुमचा प्रश्न.

याचं उत्तर तोंडी नको, लेखी पाहिजे, पुढच्या ग्रामसभेच्या आधी. त्याआधी तुमच्यापैकी कोणालाही तळ्यावर यायचं असेल तर संध्याकाळी चारनंतर या, वारा सुटलेला असतो, दोरी कशी लावतात ते दाखवतो, गमबूट आमच्याकडे आहेत.

आपला,
बांधाखालचा एक शेतकार

ता.क. हे गावातल्यांसाठी. साल्विनिया दिसायला गोड आहे म्हणून काहीजणांनी ती दारातल्या सिमेंटच्या टाकीत आणि माशांच्या काचेच्या टाकीत नेऊन ठेवली आहे. ती टाकी धुताना पाणी गटारात किंवा शेतात ओतू नका, आधी पाला काढून उन्हात कडक वाळवा. आणि एका तळ्यात वापरलेलं जाळं किंवा होडी दुसऱ्या तळ्यावर न्यायच्या आधी झटकून, धुवून, सुकवून घ्या.